गटशेतीचा पुढारी कसा असावा

भाताची शेती ही एकट्याने होणारी शेती नव्हे. बाजरीचा शेतकरी एक औत व घरची माणसे यांच्या बळावर पेरणी उरकू शकतो. परंतु भाताची लावणी पावसाने नेमून दिलेल्या थोड्या दिवसांतच साधावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत साऱ्या गावास एकदम माणसे हवी असतात. यास्तव मावळपट्टीत सावडीची चाल फार जुनी आहे. आज आम्ही सर्वांनी तुमच्या खाचरात उतरावे, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी पैशांत न मोजता हाताची फेड हाताने करावी, असा तिचा नियम.

ही चाल आता ढिली झाली आहे. आमचे पिरंगुट व पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्यावरील इतर गावे यांत कारखाने उभे राहिले, तरुण माणसे महिन्याच्या पगारावर जाऊ लागली आणि बांधकाम खाचरांच्या कडेपर्यंत आले. ज्याची लावणी एक-दोन वर्षे माणसांवाचून राहिली, त्याचे मन जमीन विकण्याकडे वळते. भाताच्या खाचरांचे असे आहे की वरच्या खाचरातील पाणी खालच्या खाचरात उतरते; मधल्या एकाने विकून भराव घातला म्हणजे खालच्या तिघांचे पाणी तुटते. मग त्यांनाही विकल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. तेव्हा एकत्र शेती करणे हा आता हौसेचा विषय राहिलेला नसून जमीन हातात राहते की जाते, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

म्हणून ठिकठिकाणी शेतकऱ्यांचे गट निघत आहेत, हे योग्यच होय. परंतु निघतात तितके टिकत नाहीत. बी वाईट निघाले किंवा भांडवल अपुरे पडले, एवढ्याने गट सहसा मोडत नाही. तो कारभाराने मोडतो. पुढारी कर्तबगार असतो, धडपड्या असतो, आणि तरीही त्याच्या भोवतीची माणसे हळूहळू हात आखडू लागतात. असे का व्हावे, आणि माणसांकडून त्यांचे उत्तमात उत्तम काम ज्याच्या योगे होते ते पुढारपण कोणते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

चिखलाखालचे काम

प्रथम एक उदाहरण घेऊ. डॉ. नारायण सावंत यांनी प्रसारिलेली चारसूत्री भातलागवड आपल्या वाचकांस ऐकून ठाऊक असेलच. भाताचे तूस व पेंढा यांचा खाचरात फेरवापर, गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे खत, दोरीवर आखून केलेली नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. लावणी १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरांवर, एका चुडात दोन-तीन रोपे ठेवून करावयाची. आणि चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावयाची.

आता हिशेब करून पाहावा. चार चुडांचा एक चौक ४० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद जागा व्यापतो. या मानाने एकरी सुमारे २५ हजार चौक होतात. म्हणजे एका एकरात २५ हजार वेळा माणसाचा हात चिखलात जावयास हवा, आणि प्रत्येक वेळी तो पुरेसा खोल जावयास हवा. गोळी वरच्यावर टाकली तर तिचे सत्त्व पाण्याबरोबर व हवेत निघून जाते; मूठभर गोळ्या एकाच जागी दडपल्या तर बाकीचे चुड उपाशी राहतात. वरून पाहणाऱ्यास मात्र दोन्ही खाचरे सारखीच दिसतात. चिखलाखाली काय घडले ते पुढाऱ्यास त्या दिवशी दिसत नाही; ते महिन्याने पिकाच्या रंगावरून दिसते, आणि तोपर्यंत उपाय हातचा गेलेला असतो.

पुढारपणाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, असे आम्हांस वाटते. ज्या कामावर नजर ठेवता येते ते दटावून करवून घेता येईल. परंतु शेतीतील खरे काम बहुतेक चिखलाखालचे आहे. बी निवडताना, बांध चोपताना, रात्रीचे पाणी धरताना कोणी पाहत नसते. असे काम माणूस आपल्या मनाने चांगले करील तरच चांगले होते. म्हणून पुढाऱ्याची खरी परीक्षा तो बांधावर उभा असताना काम कसे चालते यावर करू नये. तो बांधावर नसताना ते कसे चालते, यावर करावी. तो नसतानाही ते उत्तम चालावे, यासाठी त्याने पुढील पाच गोष्टी अंगी बाणवाव्या.

१. कारण सांगावे व हाताचे ऐकावे

लावणी करणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षे त्याच कामात मुरलेल्या असतात. त्यांस एके दिवशी दोरी धरावयास लावून "या खुणेवरच रोप टेका" एवढेच फर्मावले, तर त्यांना तो आपल्या हातावरचा अविश्वास वाटतो. पुढारी दूर जाताच दोरी बाजूस पडते व जुनी लावणी सुरू होते. यात त्यांचा दोष नाही. दोरी कशासाठी, गोळी मधोमध का, दोन-तीनच रोपे का, हे त्यांस कोणी सांगितलेलेच नसते.

जाणता पुढारी आदल्या दिवशीच सर्वांस एका खाचराच्या कडेस बसवून कारण सांगतो, आणि सांगून झाल्यावर विचारतो, "यात अडचण कोठे येईल, ते तुम्ही सांगा." मग त्याला कळते की दोरी ताणून धरणारीस सरकत राहावे लागते म्हणून तिची पाळी लवकर बदलली पाहिजे, की गोळ्यांचे भांडे ओले झाले तर गोळ्या विरघळतात म्हणून ते कमरेस कोरडे बांधले पाहिजे, की ज्या खाचरात चिखलणी कच्ची राहिली तेथे हात खोल जातच नाही, तेव्हा दोष गोळी खोचणारीचा नसून औत हाकणाऱ्याचा आहे. अशा गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. त्या हाताला ठाऊक असतात. ज्याने सांगितलेली सूचना गटाने उचलली, तो मनुष्य त्या दिवसापासून ते काम आपले मानतो.

२. नियम आधी स्वतःस लावावा

आपल्याच तालुक्याच्या इतिहासात याचा दाखला आहे. मुळा नदीवर टाटा कंपनीने बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल रोजी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्याचे धुरीणत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले आणि त्यातूनच त्यांस 'सेनापती' हे नाव मिळाले. ते विलायतेस शिकून आलेले, विद्वान गृहस्थ. तथापि आपल्या पारनेर गावी ते हाती झाडू घेऊन रस्ते झाडीत असत. आणि मुळशीच्या लढ्यात लोकांस तुरुंगाची वाट दाखवून स्वतः मागे राहिले नाहीत, वारंवार तुरुंगात गेले. दरिद्री मावळ्यांनी तीन वर्षे या मनुष्याच्या शब्दाला मान दिला, त्याचे कारण त्यांच्या वक्तृत्वाहून या वर्तनात अधिक आहे.

गटात याचा अर्थ साधा आहे. सकाळी सातला खाचरावर यावयाचे ठरले असेल तर पुढाऱ्याने पावणेसातला यावे. उशिराचा दंड ठरला असेल तर पहिला दंड आपल्या भावाकडून वसूल करण्याची वेळ आली तरी तो करावा. लावणीचा क्रम ठरविताना आपले खाचर पहिले धरू नये. ज्या पुढाऱ्याचे शेत दरवर्षी आधी लागते, त्याच्या गटातील माणसे तोंडाने काही बोलत नाहीत. पण त्यांचे हात बोलतात.

३. श्रेय वाटावे, योग्यतेला जागा द्यावी

नगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण बेताचेच होते. १९२३ साली त्यांनी आपल्या गावी सहकारी पतपेढी काढली, आणि पुढे गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा करून साखर कारखान्याची कल्पना उभी केली. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा तो सहकारी कारखाना सुरू झाला. ज्याने हे रान उठविले त्यानेच अध्यक्ष व्हावे, हे कोणासही वावगे वाटले नसते. परंतु पहिली सुमारे दहा वर्षे अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होते व विखे पाटील उपाध्यक्ष होते. जमाखर्च व धोरण यांसाठी गाडगीळांची विद्या हवी होती आणि लोकांच्या विश्वासासाठी विखे पाटलांचा शब्द हवा होता. दोघांनी आपापले बळ ओळखले आणि दुसऱ्याचे बळ अडविले नाही.

लहान गटातही हेच करावे. एकाला हिशेब येतो, एकाला बी ओळखता येते, एकाला यंत्राची दुरुस्ती जमते, एका वृद्धेला आभाळ पाहून उद्याचा पाऊस सांगता येतो. पुढाऱ्याने ही सारी कामे आपल्या डोक्यावर घेऊन मिरवू नये. ज्याचे त्याला द्यावे, आणि ते नीट झाले म्हणजे चार माणसांत त्याचे नाव घेऊन सांगावे. दोष मात्र चार माणसांत सांगू नये. तो बाजूस नेऊन सांगावा. आपण बहुधा याच्या उलट करतो.

४. वाटणी न्याय्य असावी व हिशेब उघडा असावा

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातील एक कारखानदार अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे गेले. तेथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाणी अडविले, विहीर केली. पुढे १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापून त्यांनी पाणी पंचायतीची पद्धत चालविली. तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. पाणी एकट्या-दुकट्यास द्यावयाचे नाही, गटास द्यावयाचे. ते जमिनीच्या मानाने वाटावयाचे नाही, माणसांच्या मानाने वाटावयाचे. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनासही पाण्याचा वाटा. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आपल्या पदरचा घालावयाचा.

या नियमांत पुढाऱ्याची मर्जी कोठेच शिल्लक राहत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. कोणास किती मिळणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे कोणास पुढाऱ्याची खुशामत करावी लागत नाही, आणि स्वतःचा पैसा घातलेला असल्यामुळे कोणी काम परक्याचे समजत नाही. जेथे मर्जी संपते तेथे मेहनत सुरू होते.

हिशेबाविषयी दोन शब्द अधिकाराने लिहितो, कारण आमची हयात महसुलाच्या दप्तरात गेली. कागद कपाटात बरोबर असून भागत नाही. तो लोकांच्या कानांवर बरोबर पडावा लागतो. गावच्या नोंदी चावडीवर मोठ्याने वाचून दाखविण्याची जी रीत आहे, तिचे मर्म हेच. ज्यास अक्षर येत नाही त्यासही आपले नाव ऐकून हरकत घेता येते. गटाचा जमाखर्च लावणीत दर आठवड्यास व एरवी दर महिन्यास असाच वाचून दाखवावा. कोणाचे किती दिवस भरले, कोणाचे राहिले, गोळ्यांच्या किती पिशव्या आल्या, किती उरल्या, हे सर्वांसमक्ष वाचावे आणि हरकत निघाल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करावे. संशय हा तणासारखा आहे. दोन पानांवर असताना उपटला तर उपटतो.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे हीच रीत पाण्याच्या बाबतीत चालविलेली दिसते. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास गावानेच मनाई केली. तेथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात व त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरवितात. पाऊस कमी पडला तर प्रथम पिण्याचे पाणी, मागाहून पिके. सरपंचाने "यंदा कांदा लावू नका" असे सांगितले असते तर तंटा झाला असता; आकडा सर्वांसमोर असला म्हणजे तो आकडाच सांगतो, आणि आकड्याशी वैर धरता येत नाही.

५. मतभेद आधी ऐकावा

पुन्हा मुळशीच्या सत्याग्रहाकडे वळू. तो १९२४ पर्यंत चालला, आणि धरण झाले. पिरंगुटाहून पौडावरून पुढे गेले की आजही ते पाणी दिसते. त्यागात लोक कमी पडले नाहीत. समोर कंपनीचे बळ होते व तिच्या पाठीशी सरकार होते. परंतु आतही एक भेग होती. ज्यांच्या नावावर पुष्कळशा जमिनी होत्या त्या सावकारांचा कल मोबदल्याकडे होता. जे जमीन कसत होते त्यांना जमीनच हवी होती. दोघांचे हित एक नव्हते. बाहेरचा शत्रू समोर असताना आतली ही भेग झाकून राहते, पण भरून येत नाही.

गट काढताना पुढाऱ्याने प्रथम हेच पाहावे. मालक व खंडकरी, रस्त्यालगतचा व आतला, कारखान्यात नोकरी असलेला व केवळ शेतीवर जगणारा, यांची गरज निरनिराळी असते. ज्याचे खाचर रस्त्यावर आहे त्यास उद्या विकण्याचा मोह अधिक. त्याच्याकडून निदान पाच वर्षांचा शब्द घ्यावयाचा तर त्याची अडचण आधी ऐकली पाहिजे. सभेत गप्प बसणारा मनुष्य सहमत आहे असे समजू नये. त्याला नावाने विचारावे, आणि त्याने विरुद्ध मत दिले तर त्याचे आभार मानावे. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ कामकऱ्यांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, सहकारी दुकान काढले. भांडवल कमीअधिक असले तरी मत प्रत्येकास एकच, हे त्यांचे तत्त्व सहकाराने सर्वत्र उचलले, याचे कारण हेच की लहान माणसाचे न ऐकलेले म्हणणे पुढे मोठे नुकसान करते.

पुढाऱ्यामागे पुढारी

पुष्कळ गट एका माणसाच्या जिवावर उभे असतात, आणि तो आजारी पडला की बसतात. अशा माणसाची लोक स्तुती करतात. आमच्या मते त्याचे काम अर्धेच झालेले असते. २००५ साली राज्यात सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला. त्यात पाणी वापर संस्थेच्या संचालकांत कालव्याचे शीर, मध्य व शेवट या तिन्ही भागांस सारखी जागा ठेवली आहे. शेवटच्या शेतकऱ्यास पाणी मिळते की नाही हे तोच जाणतो, म्हणून कारभारात तो हवा, हा त्यातील विचार. आपल्या गटातही दरवर्षी एक काम एका नव्या माणसाकडे सोपवावे, त्यात निदान निम्म्या वेळा स्त्रीस घ्यावे, आणि जुन्या माणसाने वर्षभर तिच्या शेजारी बसावे, वर बसू नये. सावडीचे जुने शहाणपण हेच होते. ज्या दिवशी ज्याचे खाचर, त्या दिवशी तो म्होरक्या. दुसऱ्या दिवशी तोच दुसऱ्याच्या हाताखाली. आज हुकूम करणाऱ्यास उद्या हुकूम ऐकावयाचा असला म्हणजे त्याची जीभ आपोआप गोड राहते.

येत्या हंगामासाठी क्रम

ज्या गटांस या वर्षी एकत्र लावणी करावयाची आहे, त्यांनी पुढीलप्रमाणे करून पाहावे.

पहिले, राब भाजण्याच्या दिवसांतच सर्वांनी एकत्र बसून प्रत्येकाचे क्षेत्र, घरची माणसे व अडचण वहीत लिहावी.

दुसरे, लावणीचा क्रम रोपांच्या वयावरून ठरवावा. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की ते खाचरात जावे. फार जून झाले तर फुटवे कमी येतात. म्हणून ज्याचे रोप आधी तयार, त्याचे खाचर आधी. दोघांची रोपे एकाच वयाची असतील तर चिठ्ठी टाकावी, आणि यंदा जो शेवटी राहिला त्यास पुढील वर्षी बरोबरीच्यांत पहिला मान द्यावा. पेरणीच चार-चार दिवसांच्या अंतराने केली तर हा तंटा उद्भवतच नाही.

तिसरे, पहिल्या दिवशी सर्वांत लहान शेतकऱ्याच्या एका लहान खाचरात सर्वांनी मिळून दोरीची लावणी करून पाहावी. चुका तेथेच होऊन जातात आणि गटाचा पहिला लाभ ज्यास त्याची गरज अधिक त्यास मिळतो.

चौथे, संध्याकाळी दिवसांची हजेरी वाचून दाखवावी. कोणी आला नसेल तर आधी कारण विचारावे, मग दंडाचे पाहावे.

पाचवे, कापणीनंतर प्रत्येक खाचराचे भात वेगळे मोजून आकडे सर्वांसमोर मांडावे. ज्याचे अधिक आले त्याने काय केले ते त्यानेच सांगावे, ज्याचे कमी आले त्यास कोणी हसू नये.

यांपैकी एकाही गोष्टीस पैसा लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. लागतो तो पुढाऱ्याच्या मनाचा थोडा संयम. आपल्या आवाजाने काम होते, हा भ्रम सोडण्यास माणसास जड जाते. पण चिखलाखाली २५ हजार वेळा जाणारा हात कोणाच्या आवाजाने खोल जात नाही. तो हात ज्याचा, त्याला हे खाचर आपले वाटले, वाटणी सरळ वाटली, आपले म्हणणे ऐकले जाते असे वाटले, तरच तो खोल जातो. असा गट ज्या गावात उभा राहील, त्या गावातील खाचरांस गिऱ्हाईक आले तरी, विकावयाचे की नाही याचा निर्णय निदान लाचारीने होणार नाही.